अनंताच्या एकवीस कळ्या

२ फेब्रुवारी, रविवार

पाणी : अर्धी बादली, सकाळी सात.

एवढंच लिहायचं आहे म्हणे या वहीत. सूनबाई काल देऊन गेली. हिरव्या पुठ्ठ्याची, वर पेन अडकवलेलं. "आई, अनंताला पाणी कधी घातलं आणि किती, तेवढं लिहून ठेवा. म्हणजे चुकून दोनदा घातलं जाणार नाही." चुकून! बत्तीस वर्षं मी वॉर्डात दुसऱ्यांनी भरलेले ताप-नाडीचे तक्ते तपासले. निवृत्त झाले तेव्हा मेट्रन होते. गल्लीतली माणसं अजून मला सिस्टर म्हणतात. आणि मी एका झाडाला दोनदा पाणी घालीन?

काल दोघं नव्या जागेत राहायला गेली. चिरंजीवांचं म्हणणं, तिची लॅब तिथून जवळ पडते. ते खरंच आहे. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, आणि इथून जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. भांडण नाही, तंटा नाही, कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. गल्लीत कुणी विचारलं तर मी हेच सांगते. टेम्पोत सामान चढवताना मी जातीनं उभी होते. दोन खोकी नीट भरली नव्हती, ती उघडून पुन्हा भरून दिली. ती बाजूला उभी राहून बघत होती.

अनंत मात्र इथंच राहिला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं तो मागच्या अंगणात लावला होता. आता माझ्या छातीइतका उंच झालाय. पानं अशी चकचकीत, जणू कुणी तेलाच्या बोळ्यानं पुसलीत. पण चार वर्षांत फूल म्हणून एक नाही. मी त्याला तीनदा जागा बदलून दिली. आधी कपड्यांच्या दोरीच्या आड येत होता, मग नळापाशी चिखल व्हायला लागला, मग खिडकीचा उजेड अडवायला लागला. आता कोपऱ्यात आहे, तिथं बरा दिसतो. एकदा मी गमतीनं म्हटलंही होतं, "तुझ्या झाडाला आमचं घर पसंत नाही बहुतेक." ती हसली नाही. विनोद तिला जरा उशिरा कळतात.

ठरलंय ते असं. हे कळ्यांचे दिवस, आत्ता झाड हलवायचं नाही. फुलं येऊन गेली, की मुळांच्या गड्ड्यासकट काढून त्यांच्या गच्चीवर न्यायचं. तोवर दर रविवारी दोघं बघायला येणार.


५ फेब्रुवारी

पाणी : अर्धी बादली सकाळी. अर्धी संध्याकाळी, कारण दुपारी ऊन होतं. झोपायच्या आधी थोडं, कारण पानं मला मलूल वाटली.

हे तीनदा झालं, पण चुकून नाही. विचार करून घातलंय.


९ फेब्रुवारी, रविवार

चार वाजता आली दोघं. सूनबाई चपला काढायच्या आधी अंगणात गेली, मातीत बोट खुपसलं आणि तशीच बसून राहिली. मग वही वाचली. चिरंजीव तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणतात, "आई, हे झाड आहे गं, पाणघोडा नाही."

"रोज नको आई," ती म्हणाली. "बोट घालून बघायचं. दोन पेरं कोरडी लागली तरच घालायचं."

मी बरं म्हटलं. म्हणायला काय जातं? मग तिच्या जुन्या खोलीत मी काय काय आवरलं ते दाखवायला नेलं. तिचं कामाचं टेबल मी आता भिंतीला लावलंय, खोली मोठी वाटते. ती बघून "हं" म्हणाली. त्या टेबलावरून मागे एकदा थोडं झालं होतं. ती घरी आणलेलं काम तिथं मांडायची. एक दिवस मी धूळ पुसताना प्लॅस्टरची खांडकं दिसली, ती फेकून दिली. ते कुणाच्या तरी जबड्याचे साचे निघाले. त्या माणसाला पुन्हा दवाखान्यात बोलवून माप घ्यावं लागलं, आणि सूनबाईला दातांच्या डॉक्टरची माफी मागावी लागली. पण मला ती काही बोलली नाही. उलट मीच इतकी कासावीस झाले, रडले, की तिनंच मला पाणी आणून दिलं. स्वभावानं गरीब आहे पोर.


१७ फेब्रुवारी

पानं पिवळी पडायला लागली. खालची आधी, मग मधली. मला धडकी भरली. चालत रोपवाटिकेत गेले आणि तिथल्या म्हाताऱ्याला घेऊनच आले. याच्याकडूनच सूनबाईनं रोप नेलं होतं. त्यानं माती उकरून मुळं हुंगली.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुम्ही याला अतिदक्षता विभागात ठेवलंय. जनरल वॉर्डात हलवा."

"म्हणजे काय करू?"

"काही करू नका. तेच तर सांगतोय. पाणी कमी, खत नाही, कात्री नाही, आळं उकरणं नाही. आणि जागा बदलायची नाही. याला किती वेळा हलवलंय?"

"एक-दोनदा," मी म्हटलं.

"मग चार वर्षांत कळी कशी धरणार? दर वेळी बिचारं मुळं टाकायला लागतं आणि दर वेळी तुम्ही उपटता."

माणूस फटकळ आहे. पण पानं पुसायची परवानगी त्यानं दिली, तेवढं एक बरं झालं.


३ मार्च

पाणी : नाही. सहा दिवसांत एकदाच घातलं.

काही न करणं हे किती दमवणारं काम आहे, हे मला या वयात कळतंय. हात नुसते शिवशिवतात. सकाळी एक फेरी मारते, हात पाठीमागे बांधून, जशी मोठे डॉक्टर राउंडला आले की त्यांच्या मागून मी फिरायचे. एक वाळकं पान होतं. तोडलं नाही. मग चिरंजीवांना फोन करून सांगितलं, की मी पान तोडलं नाही. ते ऑफिसात होते. म्हणाले, "शाब्बास, आई." चेष्टा करत होता की काय, कळलं नाही.


१८ मार्च

कळ्या!

आधी वाटलं, नवी पालवी आहे. चष्मा आणून पाहिलं. हिरव्या, पीळ घातल्यासारख्या, टोकाला निमुळत्या. सूनबाईला लॅबमध्ये फोन केला. कामात फोन केलेला तिला आवडत नाही, पण आज "काय सांगता!" म्हणून ओरडलीच. आणि आज मंगळवार असूनसुद्धा, दोन बस बदलून, सहाच्या सुमाराला दारात हजर. बोटांना अजून प्लॅस्टर होतं.

आम्ही दोघींनी मिळून मोजल्या. ती अठरा म्हणाली, मी बावीस. पुन्हा मोजल्या तेव्हा एकवीस भरल्या. मग मागच्या पायरीवर बसून चहा घेतला. ती म्हणाली, "आई, हे तुम्ही केलंत."

मी म्हटलं, "अगं, मी काहीच केलं नाही."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली आणि हसली. इतकी हसली, की कपातला चहा सांडला. मीही हसले. नक्की कशाला, ते आत्ता लिहिताना जरा खटकतंय. पण त्या वेळी छान वाटलं.


६ एप्रिल, रविवार

हल्ली तिनं येऊन लगेच जाणं बंद केलंय. चिरंजीव आत पेपर तोंडावर घेऊन घोरतात आणि आम्ही दोघी पायरीवर. आज तिनं एका आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांचा पुढचा एक दात जन्मभर तिरका होता. आता सगळे पडले, कवळी करायची, तर म्हणतात, तो दात तिरकाच बसवा. नाहीतर घरी गेल्यावर बायको दार उघडायची नाही. डॉक्टर म्हणाले सरळ बसवू, सूनबाईनं हट्टानं तिरका बसवला. तीनदा मेण वितळवलं, तेव्हा जमला.

"मग उघडलं का दार?" मी विचारलं.

"उघडलं की. पण म्हणाल्या, दुसऱ्या बाजूला होता तो."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. चार वर्षं ही मुलगी माझ्या घरात राहिली आणि ती इतकी बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. मी विचारलं नसेल कधी. की विचारून मीच उत्तर देत असेन?

पाणी : गुरुवारी अर्धी बादली. तिनं बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, "अगदी बरोबर." लहान मुलासारखा आनंद झाला मला.


२० एप्रिल, रविवार

कळ्या आता बोटाच्या पेराएवढ्या. एकही गळलेली नाही.

चहा झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "आई, टब आणला मोठा. गच्चीत ठेवलाय, माती पण भरून ठेवली. रोपवाल्याशी बोललोय. फुलं झाली की पुढच्याच रविवारी तो माणसं घेऊन येईल आणि काढून नेईल."

मी म्हटलं, "न्या की. तुमचंच आहे."

"मग तुझी सुटका. दर रविवारी आम्हाला झेलायला नको," तो म्हणाला आणि ताटलीतलं शेवटचं बिस्किट उचललं.

ती म्हणाली, "असं काय बोलता?" पण पुढे काही म्हणाली नाही. मी वाट बघत होते.

पाणी : घातलं की नाही, आठवत नाही. लिहायचं राहिलं.


२७ एप्रिल, रविवार

कळ्यांच्या टोकांना पांढरं दिसायला लागलंय. रोपवाला म्हणाला, आठवडा-दहा दिवसांत उमलतील. दोघं खुशीत होती. तिनं फोनवर फोटो काढले. गच्चीवर टब कुठं ठेवलाय तेही मला फोटोत दाखवलं. गच्ची छान आहे. तिथली बाकीची जागा फोटोत दिसली नाही. मी अजून त्यांच्याकडे गेलेली नाही. या म्हणाले होते ते, पण कधी या, ते म्हणाले नाहीत. आणि बोलावल्याशिवाय जाणाऱ्यांतली मी नाही.


२ मे

दोन कळ्या सैल झाल्यात. उद्या नाहीतर परवा उमलतील.

आज घर फार मोठं वाटलं. तिच्या खोलीतलं टेबल मी परत होतं त्या जागी सरकवलं, खिडकीपाशी. मग उगाचच पुसलं.


३ मे

सकाळी पाहिलं तर सगळ्या कळ्या खाली. एकवीसच्या एकवीस. कालचं ऊन बाधलं. या झाडाचं असंच असतं म्हणतात. फार नाजूक.

पाणी : नाही.

कळ्या गोळा करून टाकून दिल्या. नखं हिरवी झालीत. गोळा करताना झाली असतील. दोनदा साबण लावला.


४ मे, रविवार

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आल्यावरच सांगितलं. दारातच. "सगळ्या गेल्या गं उन्हानं," असं म्हणेपर्यंत मला रडू कोसळलं. खोटं नव्हतं ते रडणं, अगदी आतून आलं. तिनं पिशवी खाली ठेवली, स्वतःच्या रुमालानं माझे डोळे पुसले, मला खुर्चीवर बसवलं. "आई, अहो, झाडच आहे. पुढच्या वर्षी येतील. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

मग ती अंगणात गेली. बराच वेळ तिथं होती. मी खिडकीतून पाहत होते. उकिडवी बसून एकेका फांदीचं टोक बोटांत धरून बघत होती, जशी ती साचा उजेडाला धरून बघायची. मग आत येऊन वही मागितली. मागची काही पानं वाचली, मिटली, टेबलावर ठेवली.

चहा नको म्हणाली. निघताना दारात म्हणाली, "आई, झाड तुमच्याकडेच राहू दे."

"अगं, पण टब आणलाय ना तुम्ही?"

"टबात दुसरं काहीतरी लावू. हे तुमचं."

झाड इथंच राहणार! मला फार भरून आलं. मन किती मोठं आहे पोरीचं. स्वतः चार वर्षं वाढवलेलं झाड कोण असं देऊन टाकतं? मी उगाच घाबरत होते.


११ मे, रविवार

आली नाहीत. लॅबमध्ये काम फार आहे.

पाणी : अर्धी बादली.


१८ मे, रविवार

चिरंजीव एकटेच आले, अर्धा तास. मी दोघांसाठी म्हणून बिस्किटं आणून ठेवली होती. "ती दमलीय," म्हणाला. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवा." तो म्हणाला, "तशी नाही दमलेली." कशी ते सांगितलं नाही. माझी नजरच चुकवत होता. लहानपणी बरणी फोडली की असाच करायचा, पण आज त्यानं काही फोडलेलं नव्हतं.


१ जून, रविवार

आली नाहीत. फोनवर दोन मिनिटं बोलली. गोड बोलली, काही वावगं नाही. "झाड कसं आहे?" असं मात्र विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, नवी पालवी फुटलीय. "छान," म्हणाली.

कवळ्यांचं काम वाढलंय म्हणे. एवढ्या लोकांचे दात एकदम कसे पडतात?


८ जून, रविवार

आली नाहीत.

आता ही वही वाचायला कुणी येत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. ३ मेला कळ्या गळल्या नव्हत्या. मी खुडल्या.

नुकतं उजाडलं होतं. उमललेलं बघायला म्हणून गेले होते, शपथेवर सांगते. दोन कळ्या अर्ध्या उघडल्या होत्या आणि वास सुटला होता. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि माझ्या मनात आलं, की आता आठ दिवस फुलं, मग तो म्हातारा माणसं घेऊन येणार, मग खड्डा. आणि मग रविवारी कुणी कशाला येईल? मला बघायला? मी काही अनंत नाही.

पहिली खुडायला वेळ लागला. पीळ सुटत नव्हता, नखानं तोडावी लागली. बाकीच्या वीस भराभर झाल्या. कागदात गुंडाळून कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकून आले. मग येऊन हात धुतले आणि वहीत ऊन लिहिलं.

वॉर्डात एक नवी परिचारिका होती. पेशंटला औषध द्यायला विसरली आणि तक्त्यावर दिलं म्हणून लिहून मोकळी झाली. पेशंटला काहीच झालं नाही. तरी मी तिला घरी पाठवलं. म्हटलं, "चूक माफ करता येते, तक्ता खोटा भरलेला माफ करता येत नाही." सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ती पोर माझ्या पाया पडत होती.

झाड राहिलं माझ्याकडे. आता रविवारी येते ती फक्त बिस्किटांवरची मुंगी.


१९ जून

रोपवाला या बाजूला आला होता, म्हणून डोकावला. झाड न्यायला का बोलावलं नाही, ते त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, कळ्या उन्हानं गळल्या. तो झाडापाशी गेला आणि तिथूनच म्हणाला, "कोण म्हणतं?"

"मीच पाहिल्या ना."

"हे बघा सिस्टर. गळणारी कळी आधी पिवळी पडते, मग देठाच्या बुडाशी सुटते. जागा अशी गुळगुळीत राहते, काही उरत नाही. इथं बघा. देठाचं थोटूक राहिलंय, टोक काळं पडलंय. आणि इथंही. अन् इथं. हे खुडलंय कुणीतरी. पोरंटोरं येतात का अंगणात?"

"येत असतील," मी म्हटलं.

"सूनबाईंना नाही का कळलं? त्यांना तर बघताक्षणी कळायला हवं. रोप न्यायला आल्या तेव्हा तासभर उलटतपासणी घेतली होती माझी. कळी कशानं गळते, गळलेली कशी ओळखायची, सगळं लिहून घेतलं होतं."

तो गेल्यावर मी झाडापाशी बसले. एकवीस थोटकं होती. सगळी उघड्यावर, कुणालाही दिसतील अशी. ती त्या दिवशी एकेक टोक बोटांत धरून बघत होती, आणि मी खिडकीतून बघून मनात म्हणत होते, किती जीव आहे हिचा झाडावर.

तिला तेव्हाच कळलं होतं. कळल्यावर तिनं वही मागून घेतली. त्यात मी काय लिहिलंय ते वाचलं. आणि मला झाड देऊन टाकलं.

आणि त्या रात्री मी लिहिलंय, मन किती मोठं आहे.


२२ जून, रविवार

आज मी त्यांच्याकडे गेले. न बोलावता. दोन बस बदलून. तीन मजले चढताना दोनदा थांबले. चिरंजीव केस कापायला गेले होते. दार तिनं उघडलं. दचकली, पण "या" म्हणाली.

दोनच खोल्या आहेत. खिडकीपाशी तिचं कामाचं टेबल, त्यावर साचे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. मेणाचा दिवा, लहान चिमटे, दातांच्या पट्ट्या. जमिनीवर प्लॅस्टरची पांढरी धूळ होती. ओला फडका दारामागेच टांगलेला मला दिसत होता. मी खुर्चीत बसले आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

तिनं पाणी दिलं. मी पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "कळ्या मी खुडल्या."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"फुलं झाली की तुम्ही झाड नेलं असतं. मग रविवारी आला नसता, म्हणून."

तिनं मग टेबलावरचा एक साचा उचलला, उगाच फिरवून पाहिला आणि परत ठेवला. "आई, आम्ही आलो असतो. मी तर रविवारची वाट बघायला लागले होते. मला माझंच नवल वाटायचं."

मला वाटलं होतं, ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मग तेव्हाच बोलली का नाहीस? तोंडावर बोलायचं, दोन शिव्या द्यायच्या."

"कळ्यांचं मला एवढं काही नाही हो. त्या परत येतील." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "पण मी आधी तुमचे डोळे पुसले आणि मग झाड बघितलं. साचे फेकलेत तेव्हा पण तुम्ही रडलात, मी पाणी आणून दिलं. माझं पत्र उघडलंत, तेव्हा पण. झाड तिसऱ्यांदा उपटलंत, तेव्हा मी अंगणात रडत होते आणि तुम्ही आत येऊन माझ्याआधी रडायला लागलात. दर वेळी डोळे मीच पुसायचे. बोलले असते तर तुम्ही पुन्हा रडला असता, आणि मी पुन्हा पुसले असते. मला आता नाही जमणार ते."

मला रडू येतच होतं. सवयच आहे ती, आता कळतंय. मी ओठ घट्ट मिटले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. कॅलेंडरवरचे आकडे वाचले, एक ते तीस. रडले नाही. तिनं ते पाहिलं, असं वाटतं. की पाहिलं असावं असं मला वाटतंय, कोण जाणे.

"झाड घेऊन जा," मी म्हटलं. "उद्याच पाठव माणसं."

"नको. आता कुठं मूळ धरलंय त्यानं. परत उपटायला नको."

"मग तू येशील?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "येईन कधीतरी. पण आई, कधी येशील असं विचारू नका. फोन करून नाही, ह्यांच्याकडून निरोप पाठवून नाही. माझं मला येऊ द्या."

मी हो म्हटलं. तिनं चहा टाकते म्हटलं, मी नको म्हटलं. तिनं आग्रह केला नाही. जिन्यानं उतरताना माझा दंड धरून खालपर्यंत आली. आम्ही पेशंटला पहिल्यांदा चालवायचो तशी, एकेक पायरी. बसथांब्यापर्यंत बरोबर चालली, बस येईपर्यंत उभी राहिली.


२९ जून, रविवार

चार वाजता पायरीवर जाऊन बसले. सात वाजता आत आले.

आली नाहीत. मी विचारलं नाही.